नव्वद टक्के डांबर, दहा टक्के मुरूम: फोर बाय फोरसाठी एटी टायर निवडताना

थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर. गाडी कोणतीही असो, कंपनीचे पहिले टायर घासत आले की एटी, म्हणजे ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या) टायरचा विचार डोक्यात घोळायला लागतो. दुकानात गेलं की सगळ्यात रांगडी नक्षी पुढे मांडलेली असते आणि नजर तिथेच अडकते. पण या गाड्या वर्षातले बहुतेक दिवस ऑफिसला जातात, शनिवारी महामार्गाला लागतात आणि महिन्यातून एकदा कुठेतरी शेताच्या वाटेला किंवा गडाच्या पायथ्याला मुरमावर उतरतात. अशा गाडीसाठी आमचं मत सरळ आहे. टायर निवडायचा तो जुलैच्या पावसात, घाटातल्या उतारावर, दोन टनांच्या आसपासची गाडी वेळेत थांबवण्यासाठी. मुरूम, खडी, गवत यांची सोय त्यानंतर बघायची.

आधी एचटी, एटी आणि एमटी यांतला फरक. एचटी म्हणजे हायवे टायर: नक्षी बंद, खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल. एटीच्या खाचा १० ते १३ मिलिमीटर, नक्षीतले रबराचे ठोकळे सुटे, खांद्याकडचं रबर जाड. एमटी म्हणजे मड टायर, मोठे ठोकळे आणि मधे मोकळ्या वाटा. डांबरावर रोज चालणाऱ्या गाडीसाठी त्याचा विचारच करू नये. एटी या एकाच नावाखाली मात्र दोन टोकांचे टायर विकले जातात. काही जवळजवळ एचटीसारखे असतात, काही जवळजवळ मड टायरसारखे. बाजूवर दोन्हींच्या ‘ए/टी’च लिहिलेलं असतं. त्यामुळे नाव वाचून काही कळत नाही, टायर हातात घेऊन बघावा लागतो.

मधला पट्टा बघा

टायर जमिनीवर उभा करा आणि नक्षीच्या मधल्या पट्ट्याकडे बघा. सरळ चालताना, ब्रेक मारताना सगळ्यात जास्त काम हाच पट्टा करतो. तिथले ठोकळे एकमेकांना जवळजवळ चिकटलेले असतील, किंवा खाचेच्या तळाशी दोन ठोकळ्यांना जोडणारा रबराचा पूल असेल, तर तो टायर डांबरासाठी बरा. आता एका ठोकळ्याला अंगठ्याने जोर लावून बाजूला ढकला. उंच, सुटा, एकटा उभा असलेला ठोकळा सहज वाकतो. गाडीखाली तो असाच वाकतो, दर फेऱ्याला, वळणावर आणि ब्रेकखाली. त्या वाकण्यामुळे स्टिअरिंग किंचित उशिरा ऐकतं, रबर तापतं आणि ठोकळ्याची मागची कड लवकर झिजते.

मग प्रत्येक ठोकळ्यावरच्या बारीक चिरा मोजा. ब्लेडने कापल्यासारख्या दिसणाऱ्या या चिरांना साइप म्हणतात. ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर उरतो, तो मोडून रबर रस्त्याला टेकवण्याचं काम या चिरा करतात. खोल खाचांचं काम वेगळं: साचलेल्या पाण्याला बाहेर काढणं. म्हणून नव्या एटीवरून साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी तरंगायची भीती कमी असते, पण नुसत्या ओल्या, गुळगुळीत रस्त्यावर त्याच टायरचं ब्रेकिंग एचटीपेक्षा लांबू शकतं. खाचा भरपूर, चिरा कमी आणि रबर कडक, असा तो प्रकार असतो. चिरा वरवरच्या आहेत की खाचेच्या निम्म्याहून खाली जातात, तेही बघा. वरवरच्या चिरा अर्ध्या आयुष्यातच पुसल्या जातात आणि त्यानंतर टायर पावसात वेगळाच वागायला लागतो.

चौकोनी, पसरट खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतील तर उत्तम. ते खडीचे तुकडे बाहेर ढकलतात. मुरमावरून डांबरावर आल्यावर टिक-टिक आवाज येतो तो याच अडकलेल्या खड्यांचा. ते स्क्रू ड्रायव्हरने काढून टाकावेत, नाहीतर हळूहळू आत शिरतात.

चिखलाबद्दल एक गोष्ट

एटी टायर लावला म्हणजे चिखलातून गाडी निघते, असा समज फार पसरलेला आहे. मराठवाडा-विदर्भातली काळी माती पावसात भिजली की एटीच्या खाचा पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच भरून जातात. चाकाकडे बघितलं तर नक्षी दिसतच नाही, काळा गुळगुळीत गोळा फिरताना दिसतो. चिखल झटकून टाकायला खाचा रुंद लागतात आणि चाकाला वेग लागतो. एटीच्या खाचा त्यासाठी अरुंदच. कोकणातल्या तांबड्या मातीत जरा बरं असतं, कारण तिच्यात जांभ्याचे खडे मिसळलेले असतात आणि त्यांवर ठोकळे पकड घेतात. एटीचा खरा उपयोग मुरूम, सुटी खडी, ओलं गवत, दगडी वाटा आणि हवा उतरवून चालवल्यास वाळू यांवर होतो. शिवाय खांद्याकडचं रबर जाड असल्यामुळे सह्याद्रीतल्या धारदार काळ्या दगडाने टायर चिरण्याचा धोका कमी होतो, आणि हा फायदा पकडीइतकाच मोलाचा आहे. बाजूला पडलेली चीर पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही. तो टायर गेलाच.

तुमच्या वर्षभराच्या प्रवासात यांतलं काहीच नसेल, तर ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेला एचटी घ्या. फोर बाय फोर गाडी चांगल्या एचटीवर साध्या कच्च्या रस्त्याने आरामात जाते.

आकार बदलायचा की नाही

आमचा सल्ला: कंपनीचा आकार सोडू नका. थारच्या १८ इंची रिमवर २५५/६५ आर१८ येतो, त्याचा व्यास होतो सुमारे ७८९ मिलिमीटर. हिशोब सोपा आहे: रुंदी २५५ गुणिले ०.६५ म्हणजे बाजूची उंची १६५.७५, तिची दुप्पट ३३१.५, त्यात रिमचे १८ इंच म्हणजे ४५७.२ मिळवायचे. त्याच रिमवर २६५/६५ आर१८ घातला तर व्यास सुमारे ८०२ होतो, म्हणजे १.६ टक्के जास्त. जिम्नीचा १९५/८० आर१५ हा ६९३ मिलिमीटरचा, त्याऐवजी लोक २१५/७५ आर१५ घालतात तो ७०३.५ चा, म्हणजे दीड टक्का मोठा. इतका फरक गाडी सहन करते. फॉर्च्युनरच्या २६५/६० आर१८ वरून २६५/६५ आर१८ वर गेलात तर मात्र वाढ साडेतीन टक्क्यांच्या जवळ जाते. स्पीडोमीटरवर काटा जिथे असतो त्याच्यापेक्षा खरा वेग तितका जास्त, गिअर तितके उंच झाल्यासारखे, आणि आसापासून जास्त लांब गेलेलं फिरतं वजन ब्रेकला थांबवायचं.

यात एक बारीक गंमत आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मोठा टायर लावल्यावर किलोमीटर मीटर कमी मोजतो. त्यामुळे ‘अॅव्हरेज पडलं’ ही तक्रार थोडी खरी असते आणि थोडी मीटरची. खरा आकडा हवा असेल तर मोबाइलच्या जीपीएसवर १०० किलोमीटर मोजून मीटरशी ताडून बघा आणि तेवढी दुरुस्ती करून अॅव्हरेज काढा. बाकी एटीचं वजन आणि रोलिंग रेझिस्टन्स (टायरचा फिरताना होणारा विरोध) जास्त असतो हे खरंच आहे. रोलिंग रेझिस्टन्स १० टक्के वाढला की इंधन ढोबळ मानाने १ ते २ टक्के जास्त लागतं.

आकार वाढवला तर टायर बसवून झाल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, मग एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवून पुन्हा फिरवा. मडफ्लॅप आणि आतलं प्लास्टिक कुठे घासतंय का ते तेव्हाच कळतं. सपाट फरशीवर सगळे टायर बसल्यासारखे वाटतात. शिवाय गाडीत कंपनीच्या नोंदीबाहेरचा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो, आणि अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरला तो दिसतो. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावत असेल तर विचारणा होणारच.

बाजूवर काय वाचायचं

आकाराच्या पुढे ‘११२ टी’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ११२ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर कमाल १,१२० किलो पेलतो. १०९ म्हणजे १,०३०, ११६ म्हणजे १,२५०. अक्षर वेगाचं: क्यू ताशी १६० किलोमीटरपर्यंत, एस १८०, टी १९०, एच २१०. समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे, मग क्यू चालेल की, असं वाटू शकतं. पण हे अक्षर टायर उष्णता किती सोसतो तेही सांगतं. उन्हाळ्याच्या दुपारी भरलेली गाडी तासनतास काँक्रीटवर पळवायची असेल तर कंपनीने दिलेल्या अक्षराच्या खाली उतरू नका. लोड इंडेक्स तर अजिबातच खाली नको.

आकाराच्या आधी किंवा नंतर ‘एलटी’ अक्षरं आहेत का बघा. एलटी म्हणजे लाइट ट्रकसाठीची जाड बांधणी. दिसायला भक्कम, कानाला दणकट, म्हणून लोक तो पटकन उचलतात. पण एलटी टायर वजन पेलायला जास्त हवा मागतो. २४५/७५ आर१६ हाच आकार घेऊ. साध्या बांधणीचा १०९ लोड इंडेक्सचा टायर ३५ पीएसआयवर १,०३० किलो पेलतो. त्याच आकाराच्या एलटी टायरला १,००० किलोसाठी ५० पीएसआय लागतात, ३५ वर तो ७७० किलोच्या आसपासच पेलतो. आता दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा एलटीमध्ये भरली तर गाडी बसणार नाही हे खरं, कारण एका चाकावर तेवढं वजन नसतंच. पण कंपनीने ठेवलेली राखीव क्षमता कमी होते, टायरची बाजू जास्त वाकते, जास्त तापते. आणि हवा वाढवली तर शहरातल्या प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट पाठीला. डांबरावर चालणाऱ्या घरच्या गाडीला एलटीची गरज नाही. दर महिन्याला दगडी वाटांवर सामान लादून जाणाऱ्याने तो घ्यावा.

‘एम+एस’ ही अक्षरं बहुतेक एटींवर असतात. ती नक्षीच्या ठेवणीबद्दल असतात, त्यामागे बर्फावरची कोणतीही चाचणी सक्तीची नाही. डोंगराची तीन शिखरं आणि आत हिमकण अशी खूण असेल तर तो टायर बर्फावरच्या ठरलेल्या चाचणीत उतरलेला असतो. हिवाळ्यात हिमाचलला जाणाऱ्याने ती खूण शोधावी, इतरांनी त्यासाठी पैसे जास्त मोजू नयेत. आणि बाजूवर ‘पीओआर’ दिसलं तर टायर खाली ठेवा. तो व्यावसायिक ऑफ-रोड वापराचा वर्ग आहे: खाचा ११ मिलिमीटर किंवा जास्त खोल, वेगाचं अक्षर क्यू किंवा त्याखालचं, आणि युरोपीय नियमांत ओल्या रस्त्यावरच्या पकडीची अट त्याला लागू नाही. आपल्याकडेही २०२२ मध्ये अधिसूचना काढून टायरच्या ओल्या पकडीच्या, रोलिंग रेझिस्टन्सच्या आणि आवाजाच्या मर्यादा आणल्या आहेत. आयएसआयची खूणही बघून घ्यावी.

बाजूवर एक लांब कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे तारखेचे. ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांचा टायर ताजाच समजावा, वर्षाच्या पुढचा असेल तर भावात उतरवून मागावा, दोन वर्षांचा नको. चारही टायरांच्या तारखा बघा, एकाच्या नव्हे. कधीकधी हा कोड बाजूच्या आतल्या अंगाला असतो, तेव्हा टायर फिरवून बघायला सांगा.

तारखेवरून एक हिशोब निघतो. गाडी वर्षाला ८,००० किलोमीटरच चालत असेल तर १३ मिलिमीटर खोल नक्षी तुम्हाला पूर्ण वापरताच येणार नाही. पाच-सहा वर्षांत रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा दिसायला लागतात, आणि नक्षी मात्र अर्धी शिल्लक असते. असा टायर बघायला छान आणि पावसात घसरणारा. कमी चालणाऱ्या गाडीला मध्यम खोलीचा, मऊ रबराचा टायर परवडतो.

बसवताना आणि नंतर

चारही टायर एकदमच बदला. थार, जिम्नी, गुरखा यांसारख्या पार्ट-टाइम (गरजेपुरत्याच चारही चाकांवर चालणाऱ्या) फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसतं. पुढच्या आणि मागच्या टायरांचा घेर वेगळा असला की फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या मोडमध्ये) ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे तो जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत, ताण साठतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी वळताना अडखळते. याच कारणाने कोरड्या डांबरावर फोर-हाय लावूच नये. नक्षीत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका.

बसवताना रबरी वॉल्व्ह नवीन घालून घ्या. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो वॉल्व्हसमोर यायला हवा, ती टायरची हलकी बाजू असते. बॅलन्सिंगला एका चाकाला १०० ग्रॅमहून जास्त शिसं लागत असेल तर हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवायला सांगा आणि पुन्हा तपासा. एवढं वजन चिकटवून गाडी पुढे ढकलली की ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळून घ्या आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पहिले तीनशे-चारशे किलोमीटर जरा जपून चालवा. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला निसरडा पदार्थ आणि ठोकळ्यांचा कोवळेपणा तोवर जातो.

हवेसाठी सुरुवात दारावरच्या स्टिकरपासून करा आणि सकाळी, टायर थंड असताना भरा. मग महामार्गावर अर्धा-पाऊण तास चालवून लगेच पुन्हा मोजा. साध्या बांधणीच्या टायरमध्ये हवा सुमारे ४ पीएसआय वाढलेली असावी, एलटीत ६ पर्यंत. जास्त वाढली तर थंड असताना हवा कमी होती, टायर वाकून तापला. खूपच कमी वाढली तर हवा जास्त आहे. दोन-तीन फेऱ्यांत तुमच्या गाडीचा, तुमच्या ओझ्याचा आकडा सापडतो. तापलेल्या टायरची हवा काढून ती ‘बरोबर’ करू नका. समृद्धीवर घासलेले टायर थांबवायला २०२३ मध्ये परिवहन विभागाने तपासणी सुरू केली होती. तितकीच घातक कमी हवा, आणि ती नुसत्या नजरेने दिसत नाही, कारण एटीची बाजू कडक असते. २२ पीएसआयवरही ती फुगीर दिसते. गेज गाडीत ठेवा.

मुरमाच्या खडबडीत रस्त्यावर हवा २४-२६ पर्यंत उतरवली की टायर दगडाला कवटाळतो, गाडीचा थरकाप कमी होतो. वाळूत १६ ते १८. उतरवलेल्या हवेवर वेग ४० च्या आत ठेवायचा आणि डांबर लागताच भरायची. त्यासाठी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर सोबत नसेल तर हवा उतरवूच नका.

आवाज हा एटीचा कायमचा विषय. नव्या टायरचा गुंगावणारा आवाज ५० ते ८० च्या मधे जाणवतो, आडव्या रेघा ओढलेल्या काँक्रीटवर तो चढतो. पण पंधरा-वीस हजार किलोमीटरनंतर आवाज अचानक वाढला, बेअरिंग गेल्यासारखा घुमायला लागला, तर पुढच्या टायरवरून तळहात फिरवा. एका दिशेने रबर गुळगुळीत लागेल, उलट्या दिशेने करवतीच्या दातांसारखी कड बोचेल. प्रत्येक ठोकळ्याचं एक टोक उंच आणि दुसरं झिजलेलं. मोकळ्या फिरणाऱ्या पुढच्या चाकांवर हे लवकर होतं, आणि एकदा दात पडले की टायर घासून संपेपर्यंत आवाज पूर्ण जात नाही. बेअरिंग बदलण्याआधी हे तपासा, बरेच पैसे वाचतात. कड आडव्या दिशेने बोचत असेल, म्हणजे आतून बाहेर किंवा बाहेरून आत, तर अलाइनमेंटमधला टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप, बिघडलेला आहे.

करवतीसारख्या झिजेवर उपाय एकच, वेळेवर रोटेशन, म्हणजे टायरांच्या जागा बदलणं: दर ८,००० किलोमीटरला, रोजचा रस्ता घाटाचा असेल तर ६,००० ला. मागचे टायर सरळ पुढे, पुढचे टायर फुलीत मागे. स्टेपनी त्याच मापाची आणि त्याच बनावटीची असेल तर तिलाही फेऱ्यात घ्या: मागचा डावा पुढे डावीकडे, मागचा उजवा पुढे उजवीकडे, पुढचा डावा मागे उजवीकडे, पुढचा उजवा स्टेपनीच्या जागी आणि स्टेपनी मागे डावीकडे. म्हणून खरेदी पाच टायरांची करा. चारच घेतले आणि दोन वर्षांनी एक बाजूला चिरला, तर तोवर तीच नक्षी बाजारात मिळेलच असं नाही, आणि मागे लटकलेली जुनी एचटी स्टेपनी फोर-हायमध्ये लावता येत नाही. टायरवर बाणाने फिरण्याची दिशा दाखवलेली असेल तर फुलीचं रोटेशन होत नाही, तेही विकत घेण्याआधी बघावं.

कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, खाचेतल्या आडव्या पट्ट्या तेवढ्याच उंचीच्या असतात. पावसाळ्यात त्या पट्टीपर्यंत थांबू नका. मे महिन्यात खोली मोजायची, ३ मिलिमीटरच्या जवळ आली असेल तर जूनच्या आधी टायर बदलायचे.